उत्तराच्या ओळी

"माझं गाणं मोबाईलमध्ये नाहीये," भाविनी म्हणाली. "ते मला निर्मलाच्या बाबांनी शिकवलं." निर्मलाने चिवड्याचा घास तोंडाकडे नेला होता, तो तिथेच थांबला. क्षणभर तिला वाटलं, भाविनी दुसऱ्याच कुठल्या निर्मलाबद्दल बोलते आहे. डहाणूत निर्मला काही कमी नाहीत. पण भाविनी तिच्याकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते हसू होतं, वाढदिवसाला कागदात गुंडाळलेली वस्तू पुढे करताना असतं तसं. "भिकूकाका," ती म्हणाली. "आमच्या कारखान्यावर बर्फ घ्यायला यायचे ना, तेव्हा."

मसोलीत भाविनीच्या घराच्या गच्चीवर ते चौघे बसले होते. चौघेही एकाच शाळेतले, आता पंचेचाळिशी ओलांडलेले. रविवार, उन्हं उतरलेली, खाली कुणाच्या तरी अंगणात झाडू फिरत होता. या वेळी प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक गाणं आणायचं आणि ते का आवडतं ते सांगायचं, ही कल्पना जतीनची. त्याचं स्टेशनजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि असा एक वाटोळा स्पीकर त्याने आणला होता की त्यातून ढोलकी लागली की सतरंजी थरथरायची. त्याने एक जुनं सिनेमातलं गाणं लावलं होतं आणि ते म्हणत म्हणत बस चालवणाऱ्या ड्रायव्हरची नक्कल केली होती. संगिताने भजन लावलं होतं. ती शाळेत शिकवते, तिचं सगळंच थोडं प्रार्थनेसारखं असतं. निर्मलानेही एक गाणं आणलं होतं. लग्नानंतर तलासरीला जाताना जीपमधली कॅसेट अडकली आणि तेच एक गाणं सासरचं दार येईपर्यंत वाजत राहिलं, अशी ती आठवण होती. आठवडाभर मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहून ती ती आठवण घोळवत होती. कुठे थांबायचं, कुठे मुकेशचा घामेजलेला फेटा आणायचा, हे सगळं तिने ठरवलं होतं. नवऱ्याच्या फेट्यावर सगळे हसतील, अशी तिची खात्री होती.

आता भाविनी मांडी घालून बसली, डोळे मिटले, आणि गायली. आवाज तिचा पूर्वीपासून चांगला होता. शाळेच्या गॅदरिंगला पडद्याच्या पुढे तीच असायची. 

"भरतीला दारात, सुकतीला दूर…"

मग थांबली. मग पुन्हा, 

"मोजाया बसले तर लाटा का थांबती…"

"बस एवढंच," डोळे उघडून ती म्हणाली. "मधल्या ओळी काका म्हणायचे. ते प्रश्न विचारायचे आणि मी उत्तर द्यायचं. दर्याला विचारायचं, तुझं घर कुठे, तुला पोरं किती, असं काय काय. प्रश्न मला नीट आठवत नाहीत. बर्फ फोडून होईपर्यंत आमचं चालायचं. मशिनच्या आवाजात ओरडून म्हणायला लागायचं, बेन, आणि मला हसू यायचं, आणि हसले की ते पहिल्यापासून सुरू करायचे."

"वा," संगिता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. संगिताच्या डोळ्यांत लगेच पाणी येतं. "निर्मला, तुझी पाळी. तू तर घरीच ऐकलं असशील हे सगळं."

निर्मला म्हणाली, "हो ना." मग तिने तिचं जीपमधलं गाणं लावलं आणि आठवण सांगितली. फेटा मध्येच कुठेतरी राहून गेला. कुणी हसलं नाही. जतीनने मान हलवली आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले.

परतीच्या वाटेवर चारोटीला बस बदलायची होती. हॉटेलांच्या पाट्यांचे दिवे लागत होते, गुजरातकडे जाणारे ट्रक एकामागून एक धापा टाकत चालले होते. ती फळीच्या बाकावर बसली आणि बाला आठवायचा प्रयत्न करू लागली. बा, म्हणजे भिकू तांडेल, जाऊन आता सात-आठ वर्षं झाली होती. तो घरात यायचा तो मोरीवर पाय धुवायचा, एक पाय दुसऱ्या पायाने घासत. मग जेवायला बसायचा, आणि माशाचे काटे ताटाच्या कडेला इतके नीट लावायचा की जणू ते पुन्हा जोडायचे आहेत. बोलायचा कमी. रेडिओ होता, तो हवामानाच्या बातम्यांपुरता. बातम्या संपून गाणं लागलं की बाचा हात आपोआप वर जायचा आणि कट् करून आवाज बंद व्हायचा. हा कट् आवाज निर्मलाच्या बालपणाचा आवाज होता. तिने मुकेशला लग्नानंतर सांगितलं होतं, आमच्या घरात गाणं नव्हतं. तिने ते थोड्या अभिमानानेच सांगितलं होतं. आमचा बा असा, दर्यासारखा, गप्प. सगळ्यांचे बाप बडबडे, दारू पिऊन रडणारे, नाचणारे. आपला तसा नव्हता. त्या गप्पपणात तिचा एक कोपरा होता, तिथे ती आणि बा दोघेच होते, आणि काही न बोलता त्यांचं बरं चाललेलं होतं. आता त्या कोपऱ्यात भाविनी येऊन बसली होती. दोन वेण्या, फ्रॉकला भुसा चिकटलेला, आणि हसत होती.

बर्फ. तो बर्फाचा खडा घरी आणायचा. होडीसाठी बर्फ भरून झाला की एक तुकडा गोणपाटात गुंडाळून निर्मलासाठी. ती तो दोन्ही तळव्यांत धरायची, हात बधिर होईपर्यंत, मग जिभेला लावायची, आणि जीभ क्षणभर चिकटायची. गोणपाटाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास त्या बर्फाला असायचा. तिच्या वर्गातल्या कुणाला असा बर्फ मिळत नव्हता. भाविनीला तर नाहीच, असं तिला तेव्हा वाटायचं, कारण कारखानाच ज्यांचा, त्यांना बर्फाचं काय कौतुक. आज चारोटीच्या बाकावर बसून तिला कळलं की तो बर्फ उरलेला होता. खरी वस्तू तिथेच वाटून झाली होती, मशिनच्या धडधडाटात, आणि विरघळणारा भाग घरी येत होता. हा विचार इतका नीटनेटका आणि इतका कडू होता की तो तिला जरा आवडलाच. ती तो पुन्हा पुन्हा चघळत राहिली, आणि तलासरीची बस तिच्यासमोरून निघून गेली. कंडक्टर ओरडत होता, तिला ऐकू येत होतं, तरी तिच्याने उठवलं नाही.

आठवडा सुरू झाला. तलासरीच्या बसस्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये ती सकाळपासून उभी असते. समोर माणसं मराठीत खोकतात, गुजरातीत भाव विचारतात, आणि आतल्या पाड्यांवरून आलेल्या बाया आपल्या भाषेत काही न बोलता गोळ्यांचं रिकामं पाकीट पुढे करतात. निर्मलाला तिघांचंही कळतं. तिचं या कामात कधी चुकत नाही. पण त्या सोमवारी तिने एका म्हातारीला डोळ्यांच्या थेंबांऐवजी कानाचे थेंब दिले, आणि म्हातारी पायरी उतरल्यावर तिच्या मागे धावत जाऊन ती बाटली बदलून दिली. परत येताना तिला भाविनीचा राग आला. जणू भाविनीनेच ती बाटली तिच्या हातात दिली होती.

दुपारी चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाविनीने आपला आवाज रेकॉर्ड करून टाकला. 'निर्मला, काकांसाठी,' असं खाली लिहिलं होतं आणि दोन हात जोडलेले. संगिताने लगेच लाल बदाम पाठवले. निर्मलाने ते ऐकायचं नाही असं ठरवलं आणि गिऱ्हाईक नसताना फोन कानाला लावून ऐकलं. त्याच दोन ओळी. या वेळी भाविनीने त्या जास्त घोळवून, जास्त सुंदर म्हटल्या होत्या. शेवटी तिने एक हरकतही घेतली होती, जी गच्चीवर नव्हती. बा हरकत घेणारा माणूस नव्हता. बा जाळ्याची गाठ मारायचा, ती जेवढी हवी तेवढीच. निर्मलाने तो आवाज काढून टाकला. फोनने विचारलं, फक्त तुमच्याकडून काढू का. सगळ्यांकडून काढायचा पर्याय, दुसऱ्याने पाठवलेलं असल्यामुळे, नव्हताच. तिच्यापुरतं ते गाणं गेलं. बाकी सगळ्यांकडे राहिलं.

बुधवारी तिने जतीनला फोन केला. मोबाईलची बॅटरी उतरते, अशी काहीतरी तक्रार काढली आणि मग सहज म्हणाली, "भाविनी जरा वाढवून सांगते, नाही? लहानपणापासूनच."

"कशाबद्दल?"

"ते, गाण्याबिण्याचं. आमचा बा कुठला गायला."

पलीकडे जतीन कुणाला तरी 'दोन मिनिट' म्हणाला. मग म्हणाला, "अगं, मी पण ऐकलंय ना. आमच्या काकाची गोळ्याची गाडी होती, मी बर्फ आणायला जायचो. भिकूकाका एकदम जोरात म्हणायचे. सगळे थांबून ऐकायचे. एकदा तर बर्फ फोडणारा बाबल्या नाचला होता, गोणपाट डोक्यावर घेऊन. तुला खरंच माहीत नाही?"

"माहीत आहे," निर्मला म्हणाली. "म्हणजे, एवढं जोरात म्हणायचा ते माहीत नव्हतं."

फोन ठेवल्यावर ती औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. म्हणजे जतीनसुद्धा. बर्फ फोडणारा बाबल्यासुद्धा. सगळं बंदर. तिला एक चित्र दिसायला लागलं आणि ते काही केल्या जाईना: बा तिथे हसतोय, दात दिसतायत, मान मागे टाकलेली. असा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता, त्यामुळे तो चेहरा तिला धड जमेना. दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा येऊन बाच्या मानेवर बसायचा. मग तो माणूस कारखान्याच्या दारातून बाहेर पडायचा, खाडीच्या कडेने घराकडे चालायला लागायचा, आणि एकेक पावलागणिक विझत विझत, दारात पोचेपर्यंत तिचा बा व्हायचा. तो घरी येताना असा विझत का होता? कुणाला बघून? घरात तर ती आणि आय, दोघीच होत्या.

मुकेश रात्रपाळीला जायच्या आधी जेवत होता. "तुझं काय बिनसलंय?" त्याने विचारलं. तिने सगळं सांगितलं. तो जेवायचं थांबून ऐकत होता, आणि सगळं ऐकून म्हणाला, "मग चांगलंच की. म्हातारा कुठेतरी खूश होता."

"कुठेतरी," निर्मला म्हणाली, आणि त्याच्या ताटात भात इतका वाढला की तो 'अगं, अगं' म्हणत राहिला.

रविवारी ती आयकडे गेली. डहाणू गावात खाडीजवळच्या गल्लीत मालूबाय एकटी राहते. निर्मला एकुलती, तलासरीला चल म्हणून तिने कितीदा सांगितलं, पण तिकडे रात्री दर्याचा आवाज येत नाही आणि मला झोप येत नाही, हे मालूबायचं ठरलेलं उत्तर. आता ती मासळी विकायला बसत नाही, पण दारासमोर थोडे बोंबील वाळत घालते, स्वतःपुरते आणि मांजरांपुरते. निर्मला आली तेव्हा ती आतूनच, उघड्या दारातून त्यांच्यावर नजर ठेवून, भिंतीला पाठ लावून बसली होती. निर्मलाने पिशवी ठेवली, पाणी प्यायली, औषधं संपली का विचारलं, आणि मग, आपण हे अगदी सहज विचारतो आहोत असा आवाज काढून म्हणाली,

"आय, बा गायचा?"

मालूबाय बोंबलांकडेच बघत राहिली. "कोन म्हणालं?"

"भाविनी. बर्फवाल्यांची."

"ती? ती दोन वेण्यांची?" मालूबायने आता मान वळवली. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, ते निर्मलाला ओळखता आलं नाही. "हाय कुठं ती?"

"इथेच, मसोलीला."

"बोलाव तिला."

"कशाला? मी तुला विचारतेय ना. तू सांग."

"बोलाव गो. मला तिचं तोंड बघायचंय."

निर्मलाला वाटलं, आता आय भाविनीला झाडेल. तोंड बघायचंय, असं आय ज्या आवाजात म्हणाली, त्या आवाजात ती पूर्वी बाजारात खोटं माप देणाऱ्या बाईबद्दल बोलायची. आपली आय आपल्या बाजूने उभी राहणार, या कल्पनेने निर्मलाला इतकं बरं वाटलं की तिने लगेच फोन लावला. चहाला उकळी फुटायच्या आत भाविनी स्कूटरवरून आलीसुद्धा. हातात चिकूंची पिशवी, अंगावर घरातलाच ड्रेस. ती वाकून पाया पडली आणि मालूबायसमोर जमिनीवरच बसली. मालूबायने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बघितलं.

"म्हण," ती म्हणाली.

भाविनीने निर्मलाकडे पाहिलं. निर्मला चहा गाळत होती. भाविनीने घसा साफ केला आणि थोड्या दबक्या आवाजात, हरकत न घेता म्हटलं, 

"भरतीला दारात, सुकतीला दूर…"

"अशी नाय," मालूबाय म्हणाली. "उत्तर आधी कसं येल? आधी विचारायला नको?" आणि तिने तोंड उघडलं. तो आवाज निर्मलाने कधी ऐकला नव्हता. आयचा आवाज म्हणजे ओरडण्याचा, बाजारातला, गिऱ्हाइकाला थांबवणारा. हा आवाज पातळ होता, जुन्या लुगड्यासारखा, जागोजागी विरलेला, पण त्याची वीण सुटलेली नव्हती. 

"दर्या रे दर्या, तुझं घर कुठं रे?"

भाविनीच्या तोंडून उत्तर आलं, विचार करायच्याही आधी. 

"भरतीला दारात, सुकतीला दूर."

"दर्या रे दर्या, तुला पोरं किती रे?"

"मोजाया बसले तर लाटा का थांबती."

"दर्या रे दर्या, तुला झोप कधी रे?"

इथे भाविनी अडखळली. तिचे ओठ हलले, डोळे वर गेले, आणि मग, जिथे कुठे ते इतकी वर्षं पडलं होतं तिथून, ते आलं. 

"पोर माझं निजलं की मीही निजेन."

"हां," मालूबाय म्हणाली, आणि मांडीवर थाप मारली. "शिकवलीन नीट. हे माझं गानं. माझ्या माहेरचं, झाईचं. आमी बाया मासळी निवडताना म्हणायचो, अर्ध्या इकडं, अर्ध्या तिकडं. लग्न होऊन आले तेव्हा त्याला उत्तरं शिकवली मी. मी विचारायची, तो सांगायचा. तुला त्याच्या वळी दिल्यान, आन् माझ्या स्वता घेतल्या."

निर्मला गाळणं हातात धरून उभी होती. गाळण्यातला चहा कपाच्या बाहेर टपकत होता. "मग घरात का नाही म्हणायचा? माझ्यासमोर का नाही? तू का नाही म्हटलंस?"

मालूबाय तिच्याकडे बघून सरळ म्हणाली, "तू रडायचीस."

"मी?"

"तुझे कान वाहायचे. जन्मल्यापासून. जरा कुनी आवाज चढवला, गानं म्हटलं, भांडं पडलं, की तू अशी ओरडायचीस, निळी पडायचीस. तुझ्या आधीची दोन माझी राहिली नाय, तुला म्हाईत हाय. आमाला भ्या वाटायचं. तो म्हणाला, घरात गानं नको, रेडिओ नको, काय नको. आमी दोघं भांडायचो ते पन हळू. मग तू पाच-सहा वर्षांची झालीस, कान बरे झाले. तवर आमची सवय गेली. तो भायेर जाऊन म्हणायचा. मी कुठं जानार? मी मनात म्हणायची. मग मनातलं पन गेलं."

भाविनी खाली बघत होती, आणि तिच्या बघण्यात इतका समजूतदारपणा होता की निर्मलाला तिचा हात धरून तिला उठवावंसं वाटलं. निळी पडलेली ती पोर तिला आठवत नव्हती. तिच्या आठवणीत फक्त तो रेडिओचा कट् होता, आणि तो आपल्या कानांवर ठेवलेला हात होता, हे कळायला आज भाविनीला इथे बसावं लागलं होतं. हे घरातलं बोलणं होतं. हे भाविनीसमोर निघायला नको होतं. त्या गप्प घरात ती एकटी नव्हती, दोन माणसं तिच्यासाठी तोंडावर हात ठेवून जगत होती, हे ऐकताना जे काही छातीत दाटून आलं होतं, त्याचाही एक वाटा भाविनी तिथे बसून, डोळे ओले करून, घेत होती.

"काकी, तुम्हाला ठाऊक होतं?" भाविनीने विचारलं. "ते आमच्याकडे येऊन म्हणतात ते?"

"मग!" मालूबाय म्हणाली. "एकदा टोपली घेऊन तिथून चालले होते. ऐकलं. माझ्या वळी त्याच्या तोंडात, आन् त्याच्या तुझ्या. ही एवढीशी तू. लई दिवस त्याला बोंबलाची डोकी तेवढी वाढली मी. तो काय बोलला नाय. खाल्लीन." ती हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत, आणि भाविनीही हसायला लागली, आणि मालूबायने पुढे होऊन तिच्या केसांवरून हात फिरवला. "आता किती बारीक झाले गो केस. केवढ्या वेण्या होत्या. मला तुझ्या वेण्या धरून ओढायचं होतं तुला."

आपण दोघी सारख्याच, हे निर्मलाला त्या क्षणी लख्ख कळलं. आय त्या टोपलीखाली उभी राहून जशी जळली असेल तशीच ती आठवडाभर जळत होती. पण आयचं जळणं आता संपून त्याचं हसू झालं होतं आणि तो हात भाविनीच्या केसांवर होता, तिच्या नाही. 

"भाविनी," ती म्हणाली, "तुला उशीर होत असेल."

"नाही ग, मी…"

"आयला आराम हवाय. ती दमते."

भाविनीने तिच्याकडे पाहिलं. शाळेत एकदा गॅदरिंगला निर्मलाला मागच्या रांगेत उभं केलं होतं, तेव्हा पुढच्या रांगेतून मान वळवून भाविनीने असंच पाहिलं होतं. काही विचारायचं नसतं, सगळं समजलेलं असतं. ती उठली, ओढणी सारखी केली, "येते काकी," म्हणाली आणि चपला घालून गेली. चिकूंची पिशवी दारातच राहिली.

निर्मला आयच्या समोर, भाविनी बसली होती तिथेच बसली. फरशी अजून उबदार होती. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "आता म्हण," ती म्हणाली. "माझे कान बरे आहेत आता."

मालूबायने तिच्याकडे पाहिलं, मग तोंड उघडलं. 

"दर्या रे दर्या, तुझं घर कुठं रे?" 

आणि थांबली. ती वाट बघत होती. निर्मलालाही ओळ माहीत होती, तीनदा तरी ऐकली होती, फोनमधून काढूनही टाकली होती. तिने म्हणायचा प्रयत्न केला. "भरतीला दारात," ती म्हणाली, पण ते शब्दच होते; ते आयच्या ओळीला जाऊन लागले नाहीत, मध्येच कुठेतरी खाली पडले. कुठून उचलायचं, कुठे सोडायचं, तिला कळेना. आयने पुन्हा प्रश्न म्हटला, या वेळी आणखी हळू, लहान मुलाला भरवताना घास लहान करतात तसा. निर्मलाने पुन्हा म्हटलं. मालूबायचा आवाज थरथरला आणि विझला. 

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "एकटीनं म्हणायचं गानं नाय ते. समोरून आलं तर येतं, नायतर नाय." तिने डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. चेहऱ्यावरचं ते मघाचं हसू आत कुठेतरी परत जायला निघालं होतं. निर्मलाला ते जाताना दिसत होतं. मनातलं पन गेलं, असं आय म्हणाली होती; ते जायला किती वेळ लागला असेल? एक संध्याकाळ पुरत असेल?

ती उठली आणि अनवाणीच बाहेर आली. भाविनी गल्लीच्या तोंडाशी पोचली होती, स्कूटर सुरू झाली होती, आणि समोरून येणाऱ्या टेम्पोला जागा द्यायला ती एका बाजूला थांबली होती. 

"भाविनी!" निर्मला ओरडली. दोन घरांतून बायांनी डोकावून पाहिलं. टेम्पोच्या आवाजात भाविनीला ऐकू गेलं नाही. निर्मला पळायला लागली, या गल्लीत ती शाळकरी असतानाही कधी पळाली नव्हती, आणि तिने पुन्हा हाक मारली, घसा खरवडेल इतक्या जोरात. भाविनीने मागे वळून पाहिलं आणि स्कूटर बंद केली.

"काय झालं? काकी बऱ्या आहेत ना?"

"परत ये," निर्मला म्हणाली. तिला धाप लागली होती.

"अगं, पण तूच…"

"ती विचारतेय आणि समोरून कुणी नाहीये." तिने हँडल धरलं. पुढचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं, आणि ते बोलल्याशिवाय भाविनी उतरणार नाही असंही नव्हतं. भाविनी तर उतरलीच होती. तरी ती बोलली. "मला येत नाही ग. मला नाही येत ते."

भाविनी नुसतीच तिच्याबरोबर चालू लागली. घराशी आल्यावर निर्मला बाजूला झाली आणि तिने भाविनीला आधी आत जाऊ दिलं. तेवढं करतानाही तिला दुखलं, दाराच्या चौकटीत बोट सापडावं तसं, स्वच्छ आणि एका जागी. आतून आयचा आवाज आला, "आलीस?" कोणासाठी होता तो, हे कळलं नाही. भाविनी बसली असावी, कारण लगेच तो पातळ, विरलेला सूर उठला आणि त्याने विचारलं, आणि भाविनीने सांगितलं. निर्मला उंबऱ्याबाहेर, वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी उभी राहून ऐकत होती. पहिला प्रश्न झाला. दुसरा झाला. तिचे ओठ हलत होते, उत्तरांवर नव्हे, प्रश्नांवर. कुणी शिकवलं नसताना ती आयच्याच ओळी धरत होती.

"दार ओढ गो," आतून मालूबाय म्हणाली. "वारा येतो."

निर्मला आत गेली आणि तिने दार ओढून घेतलं.